गुरुवारची गोळी

डॉक्टर गार्गी मुलुंड पूर्वेला दवाखाना चालवायची आणि नियमाला पक्की होती. हृदय सांभाळायचे नियम तिने भिंतीवरच टांगले होते: मीठ कमी, चालणं रोज, गोळी न चुकवता. भिंतीवरचं वाचतं कोण म्हणा! पण अण्णा सामंत वाचायचे. बँकेतून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी लोणचं सोडलं, पाऊण तास चालायला लागले, तरी ब्लडप्रेशर काही हटेना. आज तिसऱ्या खेपेलाही एकशे सत्तर. त्यांचा थोरला भाऊ अठ्ठावन्नाव्या वर्षी हार्ट अटॅकने गेला होता. गार्गीला त्यांची खरोखरच काळजी वाटत होती.

"अण्णा, गोळी चुकते का?"

"छे! तुम्ही लिहिलंय तश्शी घेतो."

आता दुसरी गोळी वाढवायची म्हणून तिने पेन उचललं. तेवढ्यात अण्णांच्या पत्नीने, रत्नप्रभाबाईंनी, पिशवीतून पाकिटं काढली. "ह्या उरल्यात हो. मेडिकलवाला परत घेईल ना?"

महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या अकरा शिल्लक होत्या.

"अण्णा, हे काय?"

"दुपारी जेवणानंतर, असं तुम्हीच म्हटलंय. उपासाला दुपारी जेवण कुठे असतं? सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी."

औषधाच्या कागदावर जांभळा शिक्का होता: दुपारी जेवणानंतर. लिहायचा कंटाळा म्हणून गार्गीनेच तो करून घेतला होता. त्यात अण्णा संध्याकाळी दत्ताच्या देवळातून परस्पर इकडे यायचे, म्हणजे दर वेळी गुरुवारीच, गोळी चुकलेल्या दिवशी.

"सोमवार कधीपासून करताय?"

"तुम्ही ब्लडप्रेशर सांगितलंत ना, तेव्हापासून," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मीच धरायला लावला. ह्यांच्या हृदयासाठी."

गार्गीला स्वतःचाच भयंकर राग आला. शिक्क्यावर काट मारून तिने मोठ्या अक्षरात लिहिलं, 'सकाळी दात घासल्यावर, पाण्याबरोबर. उपास असला तरी.'

"सोमवार सोडायला लावू नका हं त्यांना," ती बाईंना म्हणाली. "चूक माझी आहे."

मग ती उठली आणि दार उघडून बाहेर आली. बाकांवर ब्लडप्रेशरचे सात जण बसले होते.

"आज गुरुवार कोणाकोणाचा?"

पाच हात वर झाले.

"आणि आजची गोळी कोणी घेतली?"

पाचही हात खाली आले.