कंदुरीचा पहिला घास

सहादेवच्या पोटात कळ उठली की त्याची बायको लंकाबाई आधी उशी शोधायची. गुडघे मुडपून, उशी बेंबीच्या वर दाबून, पुढं ओणवा होऊन तो रात्रंदिवस बसायचा. आडवं पडायची सोय नव्हती, पडलं की कळ थेट पाठीत घुसायची. दोन वर्षांत असं तीनदा झालं. एकट्यानं ज्वारीचं पोतं पाठीवर घेणारा गडी पार चिपाड झाला.

तिसऱ्या खेपेला नगरच्या दवाखान्यात डॉक्टरनं पहिलाच प्रश्न विचारला, "किती पितोस?" सहादेव जन्मात दारूला शिवला नव्हता. डॉक्टरला ते पटलं की नाही कुणास ठाऊक, वाडीला मात्र अजिबात पटलं नाही. न पिता दारुड्याचं दुखणं भोगायचं आणि वर दारुडा म्हणवून घ्यायचं, असं त्याचं नशीब. डॉक्टर म्हणाला, जठराच्या मागं एक ग्रंथी असते, तिला सूज येते. तेल, तूप, मटण, खोबरं, शेंगदाण्याचं कूट, सगळं बंद. लंकाबाईला अक्षर येत नव्हतं. तिनं डॉक्टरकडून ते तीनदा वदवून घेतलं आणि पाठ केलं.

त्याच दिवशी इकडं वाडीत तिची सासू गोजरबाई पिराच्या पायरीवर डोकं टेकवून बोलून बसली, "माज्या लेकाची कळ थांबव. बकरं कापून कंदुरीचं जेवान घालीन, पैला घास त्यालाच चारीन."

पथ्य आणि नवस एकाच दिवशी सुरू झाले, तिथंच घोळ झाला.

पुढं दुष्काळ आला. खोटं कशाला बोला, लंकाबाईला तो दुष्काळ सोपा गेला. सगळी वाडीच रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी नि मीठपाण्याचं कालवण खात होती. तेल होतं कुणाच्या घरी? सहादेवचं अळणी ताट कुणाच्या डोळ्यावर आलं नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. चौदा महिने कळ उठली नाही. त्याच्या गालावर मास धरलं.

मग पाऊस झाला, ज्वारी आली, घराघरातून फोडणीचा वास येऊ लागला, आणि सहादेव दाराशी बसून नुसता वास घेऊ लागला. गोजरबाईनं काष्टीच्या बाजारातून बकरं आणलं.

"आत्याबाई, आवो पथ्यानं बरे झालेत त्ये," लंकाबाई म्हणाली.

"पेज पिऊन मानूस बरा हुतो व्हय गं? मग दवाखान्यात औषधं कशाला ठिवत्यात? पीर पावला म्हन!"

चौदा महिने चुलीपुढं डोळे फोडले लंकाबाईनं आणि श्रेय गेलं पिराला. तिला राग आला, पण तो गिळून तिनं युक्ती काढली. कंदुरीत ज्याच्यासाठी नवस बोलला असेल त्यानं पहिला घास खाल्ल्याशिवाय पंगतीतलं कुणी हात घालत नाही. ठीक आहे, खाईल की! तिनं चार तुकडे चरबी काढून वेगळे घेतले आणि हळदमिठात नुसते उकडले. घास पिराचा, पथ्य डॉक्टरचं. सहादेवच्या कानात सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

पिरापुढच्या लिंबाखाली तीस-चाळीस माणसं बसली. पिराची सेवा करणाऱ्या मुजावरानं फातिहा दिला. सगळ्यांच्या ताटात लालभडक तर्री, सहादेवच्या ताटात पिवळट चार तुकडे. शेजारी चुलतभाऊ कोंडीराम होता. तो वाकून बघत म्हणाला, "आरं, ह्ये काय बाळंतिनीचं ताट?"

पंगत हसली. मग सहादेवच्या हाताकडं बघू लागली. पोरंसोरं ताटावर बोटं रोखून बसली होती.

सहादेवनं लंकाबाईकडं एकदा बघितलं. मग आपलं ताट सरकवलं आणि कोंडीरामचं पुढं ओढलं.

"अवो!" ती पळी घेऊन दोन पावलं पुढं आली. एवढ्या पुरुषांत बाईनं नवऱ्याच्या ताटाला हात कसा घालावा? तिनं घातला नाही. त्याचं तिला पुढं आयुष्यभर वाईट वाटणार होतं.

"आज मानसावानी जेवू दे," तो म्हणाला आणि तर्रीत भाकरी चुरली. तीन भाकरी खाल्ल्या. गोजरबाई पदरानं डोळे टिपत होती.

दिवस मावळायच्या आत तो उशी मागू लागला.

बैलगाडीनं काष्टी, तिथून एस.टी.नं नगर. या खेपेला नाकात नळी घातली, आठ दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. रातोरात माणूस पिवळा पडला. डॉक्टर लंकाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, यातनं उठला तर नशीब. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नाही."

ती रोज त्याच्या पायाशी बसून राहिली. जगू दे, एवढंच म्हणत राहिली. कोणाला म्हणत होती ते तिलाही ठाऊक नव्हतं.

नवव्या दिवशी नळी काढली. दहाव्या दिवशी तिनं तांदळाची पातळ पेज चमच्यानं पाजली. एक वाटी पोटात राहिली. कळ नाही, ओकारी नाही. सहादेव दीड महिन्याच्या पोरासारखा तोंड पुसून घेत पडून राहिला. लंकाबाईला हुंदका आला.

खाटेच्या त्या बाजूला गोजरबाईनं दोन्ही हात कपाळाला लावले. "पावला गं बाई! तू येगळं शिजवून पिराला फशिवलंस, म्हनून कोपला हुता. आता मी दोन बकरी कबूल केल्यात. औंदा पैला घास मी सोता चारनार."

"आत्याबाई, डॉक्टर काय म्हनला ठावं हाय का तुमाला?"

"डॉक्टरनं नळी घातली. उठीवला कुनी?"

लंकाबाईनं सहादेवकडं पाहिलं. तो छताकडं बघत होता. तसाच हळूच म्हणाला, "आय म्हनती तसं करू."

दुसऱ्या दिवशी तो दीड वाटी पेज प्यायला. तिसऱ्या दिवशी भिंतीला धरून दारापर्यंत चालला, गालावर थोडं तेज आलं. शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली, "सुधारला की वं तुमचा मानूस."

तो जितका बरा होईल तितकी कंदुरी जवळ येणार होती. लंकाबाईनं वाटी विसळली आणि पुन्हा पेज आणायला गेली.