कोर्टापुरता कोट

मित्रांनो, मी एक जुना निळा कोट आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, एका लहानशा कोर्टामागच्या कचेरीत, लोखंडी कपाटात मी टांगलेला असतो. मला शिवलं होतं एका पोस्टमास्तरांसाठी. त्यांनी मला दर रविवारी चर्चमध्ये मिरवलं, मुलीच्या लग्नातही घातलं. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीने मला इथे आणून दिलं.

या कचेरीत गरिबांचे खटले लढवणारे, सरकारी पगारावरचे वकील बसतात. तुरुंगाच्या नारिंगी कपड्यांत माणूस दिसला, की ज्यूरीतले, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या साध्या नागरिकांतले, बारा जण त्याला आधीच गुन्हेगार ठरवून मोकळे होतात. म्हणून खटल्याच्या दिवशी कैद्याच्या अंगावर मला चढवतात. बावीस वर्षांत किती खांदे आले नि गेले! सुटलेले थोडेच. त्यातल्या एकाने जाताना माझ्या बाहीचा मुका घेतला होता. ते कौतुक मला बरेच दिवस पुरलं.

मग रेनार्ड पेटवे आला. तो शाळेची बस चालवायचा. औषधांच्या दुकानात कुणीतरी चाकू दाखवून लूट केली होती, आणि एका बाईने रस्त्यापलीकडून पाहून याचं नाव घेतलं होतं. त्या दुपारी रेनार्ड एस्थर मावशीचं कुंपण दुरुस्त करत होता. पण जामिनाची ऐपत नव्हती, म्हणून खटल्याची वाट पाहत तो आतच राहिला. चार वेळा तारीख पुढे गेली. एकोणीस महिने उलटले. मधल्या काळात मावशी वारली, आणि त्याची एकुलती एक साक्षीदार गेली.

खटल्याच्या सकाळी त्याने मला अंगात घातलं.

"बाह्या आखूड आहेत, बाई. कुणाच्या मापाचा आहे हा?"

"ज्याचा खटला, त्याच्या मापाचा," वकीलबाई कोरॅलिन हॅस्क्यू हसल्या. मग दार लावून त्याच्यासमोर बसल्या. "सरकारी पक्षाचा निरोप आलाय. गुन्हा कबूल केलास, तर आत काढलेले महिने हीच शिक्षा धरतील. संध्याकाळी घरी."

"आणि लढलो तर?"

"हरलास तर वीस वर्षं."

"तुम्हाला काय वाटतं?"

"तू केलं नाहीस, याची मला खात्री आहे. पण त्या बारा जणांना पटेलच, असं कसं सांगू? मावशी असती तर..."

"म्हणजे खरं बोललो तर आत, अन् खोटं बोललो तर घरी. झकास कायदा आहे की, बाई!"

बाईंनी फाइलमधून कबुलीचा कागद अर्धा बाहेर काढला.

"माझी टलीथा नऊ वर्षांची झालीय," तो हळूच म्हणाला. "काचेपलीकडून बोलते माझ्याशी. परवा विचारत होती, बाबा, तुझ्या हाताला अजून डिझेलचा वास येतो का? आणा तो कागद."

न्यायाधीशांनी विचारलं, "तुझ्यावर कुणी दबाव आणला का?"

माझं अस्तर घामाने भिजलं होतं. रेनार्डने एकदा बाईंकडे पाहिलं.

"नाही, साहेब."

"स्वखुशीने कबूल करतोस?"

"हो, साहेब."

सात मिनिटांत सगळं आटोपलं. ज्यांच्यासाठी मला इस्त्री केली होती, ते बारा जण शेजारच्या खोलीत कॉफी पीत होते. त्यांना तसंच घरी पाठवलं.

रेनार्ड लेकीकडे गेला. पण नावापुढे गुन्हा लागलेल्याला शाळेची बस कोण देणार? आता तो कोंबड्या कापण्याच्या कारखान्यात उभा असतो. हे मी बाईंच्या तोंडून ऐकलं. त्यानंतर त्या बराच वेळ कपाटाचं दार धरून उभ्या होत्या.

आता माझी शिवण उसवली आहे, एक बटण गेलं आहे. पण मित्रांनो, मला टाका घालायला मी सांगत नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या घरात कुणावर आळ आला, तर त्याचं म्हणणं त्याच दिवशी ऐकून घ्या. उद्यावर ढकलू नका. वाट पाहून पाहून माणूस थकतो, आणि थकलेला माणूस काहीही कबूल करतो.