कांजण्या उतरल्यावर

समर्थच्या पोटावर पहिले फोड दिसले तेव्हा छायाला फारसं काही वाटलं नाही. मखमलाबादच्या त्या मळ्यांच्या वस्तीत होळीच्या आगेमागे कुणाच्या ना कुणाच्या घरी कांजण्या यायच्याच. बालवाडीतली निम्मी पोरं आधीच घरी बसली होती. छायाला स्वतःला लहानपणी नांदगावला येऊन गेल्या होत्या, आणि त्यातलं तिला एवढंच आठवत होतं की शाळेला सुट्टी होती आणि आई मऊ दहीभात भरवायची.

सासूबाईंनी, म्हणजे भागुबाईंनी, दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला. घरातली फोडणी बंद झाली. समर्थच्या अंथरुणाखाली निंबाचा पाला अंथरला गेला आणि बाहेरच्या माणसाने आत यायचं नाही असं ठरलं. धाकटी जाऊ रूपाली तेव्हा नामपूरला माहेरी होती, भावाच्या लग्नाला गेलेली. तिची अपूर्वा अजून वर्षाचीही नव्हती. भागुबाईंनी फोन करून तिला तिथंच थांबायला सांगितलं. मात्र घाबरण्यासारखं काही नाही, असंच त्यांचं मत होतं.

"एकदा येऊन गेलेल्या बऱ्या," त्या छायाला म्हणाल्या. "मोठेपणी आल्या तर माणूस पार आडवं होतं."

पण समर्थला आल्या त्या साध्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी तोंड भरलं, मग टाळू, जीभ, पापण्यांच्या कडा. कुठं बोट ठेवायला जागा उरली नाही. पाच वर्षांचं पोर, पाण्याचा घोट गिळतानाही डोळे मिटून घ्यायचं. ताप असा की छाया कपाळावर ठेवलेली घडी बदलेपर्यंत ती कोमट होऊन जाई. निवृत्तीने, तिच्या नवऱ्याने, गावातल्या डॉक्टरांकडून तापाचं औषध आणि अंगाला लावायचं गुलाबी पाणी आणलं. भागुबाईंनी ते लावू दिलं. फक्त आधी देवीपुढे हात जोडायला लावले.

हळूहळू फोड सुकले, खपल्या धरल्या. समर्थ उठून बसला, खाज सुटते म्हणून रडायला लागला. भागुबाईंनी पाणी घालायचा दिवस ठरवला होता, पण पोराची तगमग बघवेना म्हणून छायाने त्याच्या आदल्याच दिवशी निंबाचा पाला टाकून पाणी तापवलं आणि त्याला आंघोळ घातली. भागुबाईंना ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी ठरल्याप्रमाणे दहीभाताचा नैवेद्य दाखवला, देवीची पाठवणी केली. घरात पुन्हा मोहरी तडतडली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांतली गोष्ट. समर्थ ओट्यावरून अंगणात उतरला आणि पडला. उठला, पुन्हा पडला. छायाला वाटलं, अशक्तपणा आहे. तिने त्याला उचलून आणलं आणि दुधाचा पेला हातात दिला. त्याने पेला तोंडाकडे नेला, तो गालावर गेला. पुन्हा नेला, हनुवटीवर गेला. दूध सगळं सदऱ्यावर सांडलं. "मम्मी" म्हणाला तेही लांबवून, जडशीळ जिभेने, जसा दारुडा बोलतो तसा. समर्थला वाटलं आपण काही गंमत करतोय, तो हसला. छायाने मात्र निवृत्तीला हाक मारली.

शेजारच्या सगुणाबाई कुंपणापाशी उभ्या होत्या. त्या वाईट मनाच्या नव्हत्या, पण तोंडाला येईल ते बोलायची त्यांना सवय होती. देवी जायच्या आधी पाणी घातलं म्हणून हे असं झालं असेल, असं त्या बोलून गेल्या. ते वाक्य छायाच्या काळजात जाऊन बसलं.

निवृत्तीने मोटरसायकल काढली. सिंहस्थ तोंडावर आला होता, शहरात शिरायचा रस्ता त्याच्या कामासाठी खणून ठेवलेला. छाया मागे समर्थला दोन्ही हातांनी आवळून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचं डोकं तिच्या छातीवर लटलट हलत होतं.

मुलांच्या डॉक्टर इंदिरा गर्गे पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी समर्थला स्वतःच्या नाकाला बोट लावायला सांगितलं. बोट कानाजवळ गेलं. त्यांनी त्याला दाखल करून घेतलं, डोक्याचा फोटो काढला, पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. भागुबाई संध्याकाळी डबा घेऊन रिक्षाने आल्या आणि नातवाच्या पायाशी बसून राहिल्या.

तपासण्या हाती आल्यावर डॉक्टरांनी तिघांना समोर बसवलं. मेंदूचा मागचा भाग माणसाचा तोल सांभाळतो, तिथं सूज आली आहे, असं त्यांनी सांगितलं. कांजण्या बऱ्या होत आल्यावर हजारोंमध्ये एखाद्या मुलाला असं होतं. बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात, पण वेळ लागतो. निवृत्ती काय काय विचारत होता. छायाच्या कानात "बहुतेक" हा एकच शब्द राहिला होता. मग तिने मान खाली घालून विचारलं, "मी त्याला एक दिवस आधी आंघोळ घातली. त्यानं झालं का?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी हातातला कागद बाजूला ठेवला. "हा त्या रोगाच्या विषाणूमुळे होणारा त्रास आहे. आंघोळीचा काहीएक संबंध नाही. तुम्ही काहीही वेगळं केलं असतं तरी हे टळलं नसतं."

छायाला रडू आलं नाही. तिच्या शेजारी भागुबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. मग त्या बोलल्या. देवी घरात असताना घरच्या मळ्यातले गुलाब रोज बाजारात गेले होते, पहिली ओंजळ देवीला वाहायची राहून गेली होती, आणि त्या मनात तेच घेऊन बसल्या होत्या. हेही त्यांनी डॉक्टरांना विचारून घेतलं. डॉक्टर हसल्या नाहीत. फुलांनीही काही झालेलं नाही आजी, असं त्यांनी तितक्याच शांतपणे सांगितलं. दोघी बायका इतके दिवस एका खोलीत, एका पोराच्या उशाशी बसून आपापला गुन्हा वेगवेगळा वाहत होत्या, हे छायाला तेव्हा कळलं.

समर्थ घरी आला तो भिंत धरून चालणारा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, चालू द्या, पडेल म्हणून उचलून घेऊ नका. छाया त्याला रोज सकाळी मळ्यात न्यायची. गुलाबाच्या सऱ्यांत नाही, झेंडूच्या. तिथं पडला तरी काटे नव्हते. तो दोन्ही हात पसरून झेंडूचे शेंडे धरत धरत सरीतून जायचा, मधेच आडवा व्हायचा, अंगाला माती लावून उठायचा. छाया मागे चालायची आणि हात पुढे जाऊ नयेत म्हणून पदराचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवायची. उन्हाळा वर आला तेव्हा कुठं तो सरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न पडता गेला. शाळा उघडली तेव्हा इतर पोरांसारखा पळत होता. डॉक्टरांनी पुन्हा नाकाला बोट लावायला सांगितलं, त्याने लावलं, आणि वर जीभही दाखवली.

रूपाली परतली ती अपूर्वाचा पहिला वाढदिवस नामपूरला करूनच. घराचं बाकी सगळं जागेवर होतं, पण तिच्या मनात एक प्रश्न होता. तिचा नवरा, निवृत्तीचा धाकटा भाऊ सोपान, सातपूरला कंपनीत कामाला होता. तिथल्या एकाने आपल्या मुलाला कांजण्यांची लस टोचून आणली होती. अशी लस असते हेच मुळात घरात कुणाला माहीत नव्हतं. सोपानचं म्हणणं, टोचून टाकू. भागुबाईंना ते पटेना. लशीला त्यांचा विरोध नव्हता. सगळ्या नातवंडांना त्यांनी स्वतः कडेवर घेऊन नर्सबाईकडे नेलं होतं. पण ही जर गरजेची असती तर सरकारने दिली नसती का, हा त्यांचा सवाल होता. आणि त्यात चुकीचं काय, हे सोपानला सांगता येईना.

एके दुपारी दोघी जावा शेडमध्ये गुलाबाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. रूपालीने हातातला दोरा थांबवून विचारलं, "ताई, तुम्ही काय कराल माझ्या जागी?"

छायाने हातातली जुडी बांधून पुरी केली. घरात हा प्रश्न आपल्याकडेच येणार हे तिला ठाऊक होतं. टोच म्हटलं आणि लेकराला काही झालं तर बोल आपल्यावर. नको म्हटलं आणि समर्थसारखं झालं तर जन्मभर तोंड दाखवायची चोरी. पण खरी अडचण निराळीच होती. तिला आपल्या स्वतःच्या भीतीचा भरवसा वाटत नव्हता. त्याच बालवाडीतल्या बाकी सगळ्या पोरांना कांजण्या येऊन गेल्या होत्या. कपाळावर एखादा व्रण, एवढंच. हजारांतलं ते एक पोर तिच्या पदरात होतं, म्हणून तिला सगळीकडे तेच दिसत होतं. आपल्या डोळ्यांनी दुसरीच्या लेकराचं ठरवावं का?

"आपण डॉक्टरबाईंकडे जाऊ," ती म्हणाली. "आत्याबाईंनाही नेऊ. त्यांचा प्रश्न त्यांनाच विचारू दे."

दवाखान्यात भागुबाईंनी खुर्चीवर बसल्या बसल्या तो विचारला. "चांगली हाय तर सरकार का देत नाय?"

डॉक्टर गर्गे म्हणाल्या की सरकारला आधी ज्या रोगांनी जास्त मुलं जातात त्यांच्याकडे बघावं लागतं, आणि ही लस महाग आहे. न देणारे आईबाप काही चूक करतात असं नाही. बहुतेक मुलं कांजण्यांतून सुखरूप बाहेर पडतात. पण कुणाला जड जाईल ते आधी ओळखता येत नाही. लशीने थोडा ताप येईल, दंड दुखेल. लस घेऊनही पुढे एखाद्या मुलाला कांजण्या होतात, पण सहसा हलक्या. वर्ष पूर्ण झालं की देता येते. मग त्या म्हणाल्या, आजच ठरवायला पाहिजे असं नाही.

रूपालीने छायाकडे पाहिलं. आता टाळता येण्यासारखं नव्हतं.

"तुझ्या पोरीला काय होईल ते मला माहीत नाही," छाया म्हणाली. "माझ्या भीतीवर जाऊ नकोस. पण एक सांगते. समर्थच्या वेळी अशी काही वाट आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर मी टोचलं असतं की नसतं, देव जाणे. पण ठरवायला तरी मिळालं असतं. तुला ते मिळतंय, तर नीट ठरव."

भागुबाईंनी तिच्याकडे वळून पाहिलं. त्या दिवशी तिघी तशाच परत आल्या.

रूपालीने आठ-दहा दिवस घेतले. सोपानशी बोलली, नामपूरला आईशी बोलली. आईने फोनवर एकच विचारलं, "तुना मनमां काय शे?" आपल्या मनात काय आहे ते सांगायला गेली तेव्हा आपलं ठरलंय हे तिचं तिलाच समजलं. अपूर्वाला टोचताना मांडीवर धरून भागुबाईच बसल्या होत्या. घरातून निघण्याआधी त्यांनी मळ्यातले ताजे गुलाब देवीला वाहिले होते, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. रात्री पोरीला कणकण आली, सकाळी उतरली.

मधे पाच वर्षं गेली. अपूर्वा पहिलीत होती, तेव्हा वर्गात पुन्हा कांजण्या आल्या. एका सकाळी तिच्या पाठीवर पाचसहा पुटकुळ्या दिसल्या. रूपालीचा चेहरा उतरला. एवढं करून शेवटी आल्याच की, असं तिच्या मनात आलं असावं. भागुबाई आता थकल्या होत्या, तरी त्यांनी दाराला डहाळा खोचला आणि फोडणी बंद करायला लावली. अपूर्वाला ताप असा आलाच नाही. ती निंबाच्या पाल्यावर बसून चित्रं रंगवत होती आणि शाळेत कधी जायचं म्हणून भंडावून सोडत होती. खपल्या धरल्या आणि पडून गेल्या.

"हिच्याकडं देवी नुसती डोकावून गेली," भागुबाई म्हणाल्या.

छायाने त्यावर वाद घातला नाही. मात्र पोरीची देवीच्या पाठवणीची आंघोळ झाल्यावर तिने तिला पंधरा दिवस नजरेआड होऊ दिलं नाही. ओट्यावरून उतरताना पाय कसा पडतो, पेला तोंडाकडे कसा जातो, सगळं ती बघत राहिली. समर्थ सहावीत होता, सायकलवरून उडी मारून उतरायचा, आणि त्याच्याही पायांकडे तिची नजर अजून जायची. ते तिला थांबवता आलं नव्हतं. पंधरवडा नीट गेला. सोळाव्या दिवशी तिने अपूर्वाला शाळेत सोडलं, सगुणाबाईंच्या नवीन सुनेला, जी कडेवर तान्हं घेऊन कुंपणापाशी कांजण्यांच्या लशीबद्दल काहीतरी विचारायला थांबली होती, घरात बोलावलं, चहा टाकला, आणि समर्थच्या पहिल्या फोडापासून सगळं सांगायला सुरुवात केली.