दारामागचा निळा टाय

मित्रांनो, दारामागच्या खिळ्यावर एरवी लोंबकळणारा हा निळा, जुना टाय पाहिलात? तोच मी. गिरणीत विणला गेलो, दुकानातल्या काचेच्या कपाटात थोडे दिवस मिरवलो आणि मग व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलांच्या या हॉस्टेलमध्ये आलो. पण माझं खरं आयुष्य सुरू झालं ते एका गाठीपासून.

मला विकत आणणाऱ्या दादाने आपल्या मुलाखतीच्या सकाळी ती मारली. काय सुबक गाठ होती! त्याला हॉटेलात मॅनेजरची नोकरी लागली आणि जाताना तो मला खोलीतल्या पोरांना देऊन गेला. गंमत अशी, की गाठ मारायला दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं. मग ठरलं, गाठ सोडायचीच नाही. सैल करायची, डोक्यातून घालायची, वर सरकवायची आणि काम झालं की तशीच खिळ्याला अडकवायची.

अशी कित्येक वर्षं गेली. मला घालून मुलाखतीला गेलेला एक जण बँकेत चिकटला. एक इस्पितळात लागला. डॉक्टर नव्हे हो, खाटा, औषधं आणि कामाच्या पाळ्या यांचा मेळ घालणारा. एक जाहिरातींकडे वळला. एकाला कुणीच घेईना, तर त्या पठ्ठ्याने स्वतःची बेकरी काढली आणि आता तोच दुसऱ्यांच्या मुलाखती घेतो. हे शिक्षण घेऊन माणूस नक्की होतो तरी कोण, याचं उत्तर मला दर वेळी वेगळं मिळायचं. मुलाखतीच्या दिवशी माझं केवढं कौतुक! एरवी मी आणि माझ्यावरची धूळ. गाठीखाली माझी मान पिळवटून गेली होती, पण विचारतो कोण?

मग या खोलीत घुम्या आला. बोलायचा इतका कमी, की हे नाव पडायला वेळ लागला नाही. आधीच्या सगळ्या मुलाखतींत तो तोंडाला कुलूप लावून बसला होता. त्याच्या वडिलांचं रंगाचं दुकान होतं. ते फोनवर म्हणाले, "हे बघ बाळा, ही शेवटची. नाही जमलं तर मुकाट्याने दुकानात येऊन बस." घुम्याचं दुकानाशी वाकडं नव्हतं, पण माल कुठून कुठे, कसा वेळेवर पोचवायचा, याचं त्याला वेड होतं. ही मुलाखत होती औषधं पोचवणाऱ्या कंपनीत. ती हुकली, तर ते वेड कायमचं गुंडाळून ठेवावं लागणार होतं.

त्या सकाळी घुम्या आंघोळीला गेला आणि त्याचा खोलीतला मित्र लंबू याला माझी काळजी वाटली. त्याने माझ्यावर इस्त्री फिरवली. आता इस्त्री करायची म्हणजे गाठ सोडायला हवीच! इतक्या वर्षांनी मी सरळ झालो. काय हायसं वाटलं म्हणून सांगू! पण घुम्याने मला पाहिलं मात्र, त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अरे, हे काय करून ठेवलंस?"

"चुरगळला होता रे. म्हटलं, जरा रुबाबदार दिसशील."

सगळा मजला गोळा झाला. मोबाइलवर व्हिडिओ लागले. एकाने बांधलं तर माझं टोक घुम्याच्या मांडीवर आलं. दुसऱ्याने असं आवळलं, की घुम्याचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. कारखाना कसा चालवावा यावर तासभर बोलणारी ही मंडळी माझ्यापुढे हात टेकून बसली. शेवटी बस चुकेल म्हणून घुम्याने मला खिशात कोंबलं आणि तो धावत सुटला.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमना खिशातून डोकावणारं माझं टोक दिसलंच. "टाय गळ्यात घालतात ना?" त्यांनी विचारलं.

संपलं सगळं, असं मला वाटलं. पण घुम्याला काय झालं कोण जाणे, तो बोलायला लागला. दादाची गाठ, खिळा, लंबूची इस्त्री, सगळं त्याने सांगून टाकलं. मॅडम हसून हसून डोळे पुसू लागल्या. "मग यातून काय शिकलात?"

"मॅडम, आमचं अख्खं हॉस्टेल एका माणसाच्या गाठीवर चाललं होतं. आयती मिळत होती, म्हणून कुणी शिकलंच नाही. तुमच्याकडे एकालाच येतं असं एखादं काम असेल, तर मी ते आधी चार जणांना शिकवीन. एक माणूस आजारी पडला म्हणून दुसऱ्या आजारी माणसाचं औषध अडायला नको."

मॅडमचं हसू थांबलं. "अशी कामं आमच्याकडे बरीच आहेत," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून या. आणि तो टाय द्या इकडे. शाळेत मी रोज बांधायचे." त्यांनी मला स्वतःच्या गळ्यात घालून सावकाश गाठ मारून दाखवली आणि मग घुम्याकडून करून घेतली.

घुम्याने बाहेर येऊन घरी फोन लावला. "म्हणजे आता रंगाचे डबे मीच उचलायचे होय रे?" वडील ओरडले आणि स्वतःच हसत सुटले. मीही खूप खूश होतो.

परत आल्यावर घुम्याने साऱ्या मजल्याला गाठ मारायला शिकवलं. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की माझी गाठ सोडा, मला सरळ टांगून ठेवा आणि तुम्हाला जे येतं ते शेजारच्यालाही शिकवा. आज लंबूची मुलाखत आहे. आरशासमोर उभा राहून तो केव्हाचा माझ्याशी झटापट करतोय. गाठ जरा वाकडीच आलीय, पण ती त्याने स्वतः मारलीय.