कापूस अडकला तिथे

झाकण

"अहो, फेकताय कशाला? कोळशाबरोबर फुकट आलाय तो."

घड्याळजींनी नवाकोरा तारेचा ब्रश कचऱ्याच्या डब्यात टाकला होता आणि आता तो आपणहून बाहेर येईल अशा धास्तीने झाकण दाबून बसवत होते. मग बायकोच्या लक्षात आलं. ती शेगडीवरचं आवरण काढायला लागली.

घरामागच्या अंगणातली ही बार्बेक्यूची शेगडी त्या प्रकारानंतर पेटली नव्हती. आज बायकोचा साठावा वाढदिवस. काय हवं म्हणून विचारलं तर म्हणाली, शेगडी पेटवा, बाकी काही नको. मुलगी आणि जावई दुपारी यायचे होते.

तार

त्या प्रकाराचं आत्ताच सांगून टाकावं, नाहीतर ते मध्येमध्ये लुडबुडत राहील.

तेव्हाही जाळी घड्याळजींनीच घासली होती. ब्रश म्हातारा झाला होता. त्याची एक तार तुटून जाळीला चिकटली, जाळीवरून कोंबडीच्या तुकड्यात गेली आणि तुकड्यातून जावयाच्या घशात. ऑपरेशन करून काढावी लागली. केसाएवढी होती. केसाएवढ्या स्प्रिंगा उचलण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ती दिसली नव्हती. घड्याळजींनी लवकरच दुकान बंद केलं. लोकांना सांगितलं, मोबाइल आल्यापासून घड्याळं घालतंय कोण.

जावई भला माणूस. त्याने बोल तर लावला नाहीच, उलट विनोद केला. सासऱ्यांनी मुलगी गळ्यात बांधली ती बांधली, वर सुटू नये म्हणून तारही घातली, असं चारचौघांत सांगायचा. सगळे हसायचे. घड्याळजीही हसायचे.

पण सासुरवाडीला जेवायला बसला की तो प्रत्येक घास बोटांनी कुस्करून पाहायचा. अगदी उकडलेल्या बटाट्याचासुद्धा. त्याचं त्याला कळतही नसे. घड्याळजींना कळे. या माणसाने एकदा आपल्या घरी निर्धास्तपणे घास तोंडात टाकावा, एवढं एकच मागणं त्यांच्या मनात उरलं होतं.

राख

ओलीने राख दगडासारखी बसली होती. राखेचा ट्रे उपडा करून त्यांनी मागून ठोकला, हवेची भोकं काडीने मोकळी केली, बिजागरीत तेल सोडलं. आतल्या भिंतींवर काजळीचे पापुद्रे सुटले होते, ते लाकडी उलथन्याने खरवडले.

घरात बायको फोनवर बोलत होती. विजेवर चालणारी शेगडी आणतो म्हणून मुलगी म्हणत असावी, कारण बायकोने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "आण, पण गाडीतच ठेव. बाबांना दाखवू नकोस."

डोळे अधू झाले होते. कान शाबूत होते.

जाळी

गरम पाण्यात सोडा घालून जाळी भिजत ठेवली होती. मेणचट थर सुटला, मग फडक्याने, मग अॅल्युमिनियमच्या कागदाचा बोळा करून, मग पुन्हा फडक्याने. घासून घासून हात भरून आले. जाळी उन्हात धरली, डोळ्याला भिंग लावलं. सगळ्या दांड्या मिळून एक करडा पडदा दिसत होता.

कापूस

दुकानात एखाद्या चाकाला कंगोरा राहिलाय का, हे पाहायला ते त्यावरून कापूस फिरवत. जिथे टोचेल तिथे कापूस धागा सोडतो. डोळ्यांचं कामच नाही.

एक दांडी. दुसरी. वरून, खालून. मग कोपऱ्यात, जिथे दांडी चौकटीला जोडली होती तिथे,

कापूस अडकला.

दुकानातल्या जुन्या बारीक चिमट्याने त्यांनी ते ओढून काढलं आणि अंगठ्याच्या नखावर घेतलं. तार होती. त्याच ब्रशची. जळक्या चरबीत रुतून इतके दिवस वाट पाहत बसली होती.

फुंकर मारली की झालं. जाळी आता स्वच्छ आहे. सांगितलं तर या शेगडीला पुन्हा कोणी शिवणार नाही, आणि आपल्यालाही शिवू देणार नाही.

दारात गाडी थांबल्याचा आवाज आला.

हात

"जावईबापू, जरा हात पुढे करा."

जावयाने वाढदिवसाचा केक मुलीकडे दिला आणि हात पुढे केला. तळहातावर काय ठेवलं ते त्याला लगेच दिसलं नाही. दिसलं तेव्हा त्याचा दुसरा हात गळ्याकडे गेला.

"आत्ता सापडली," घड्याळजी म्हणाले. "जाळीतच होती."

मुलगी म्हणाली, मी सांगत होते ना आईला. बायको म्हणाली, आता घरातच जेवू. जावयाने मात्र या वेळी विनोद केला नाही.

"अजून असतील, बाबा?"

"मला दिसत नाहीत हो. म्हणून तुम्हाला सांगतोय." त्यांनी कापसाचा नवा बोळा पुढे केला. "तुम्ही फिरवा."

जावई बाही दुमडून खाली बसला. एकेका दांडीवरून त्याने कापूस नेला, वरून, खालून, सांध्यांत. कुठे अडकला नाही. "उलटा फिरवू?" त्याने विचारलं. फिरवा, म्हणाले. मग उलटा फिरवला.

घड्याळजींनी जाळीला तेलाचं फडकं लावलं, कोळसा पेटवला आणि शेगडीचा लांब चिमटा जावयाच्या हातात दिला. आजवर तो त्यांनी कोणाला दिला नव्हता. विजेची शेगडी गाडीतच राहिली.

घास

"आधी तुम्ही, बाबा," पहिला तुकडा ताटलीत ठेवत जावई म्हणाला.

तो मान होता की परीक्षा, हे कोणी विचारलं नाही. घड्याळजींनी तुकडा अख्खा तोंडात घातला. तिघं थांबून पाहत होती. ते चावत राहिले.

"गिळा की आता," बायको म्हणाली.

त्यांनी गिळला.

जावयाने स्वतःला एक तुकडा घेतला. त्याची बोटं तुकड्यावर टेकली. घड्याळजींनी तेवढ्यात त्याच्याकडे पाठ केली, चिमटा उचलला आणि मक्याची कणसं वळवायला लागले. काही कणसं वळवायची झाली नव्हती, तीही वळवली.

मागे वळून पाहिलं तेव्हा जावयाची ताटली रिकामी होती.