दोन पानांचा कोट

सासूबाईंनी दोन्ही सुनांना एकाच ताग्यातून एकसारखे कोट शिवून दिले, तेव्हाच त्यांना कुणीतरी अडवायला हवं होतं. पण सासूबाईंना अडवणार कोण? जाड सुती कापड, सायीचा रंग, गुडघ्यापर्यंत लांबी आणि खोल खिसे. मापंही तीच, कारण दोघी जावा अंगाने सारख्या. अदलाबदल होऊन भांडणं नकोत म्हणून खिशाच्या तळाशी खूण भरली आहे, असं सासूबाईंनी बजावलं होतं: थोरलीला एक पान, धाकटीला दोन. दोघींनी खिसे वरवर चाचपले, पण सायीवर सायीच्याच दोऱ्याने भरलेलं काय दिसणार? म्हातारी भरायचं विसरली, असं म्हणून दोघी जिन्यात तोंड दाबून हसल्या होत्या.

थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खालच्या. थोरलीचा कोट मलमलीत गुंडाळून कपाटात असायचा. धाकटीचा रोज अंगावर आणि धुऊन धुऊन पांढराफटक. मागे धाकटीने न विचारता वरून कढई आणली आणि करपवून परत केली, तेव्हापासून दोघींत अबोला होता. तो आत्ता कुठे सुटला होता. माहेरी जाताना थोरलीने झाडांना पाणी घालायला म्हणून घराची किल्ली धाकटीच्या हातात ठेवली. धाकटीला इतका आनंद झाला की तिने पहिल्याच दिवशी झाडांना दुप्पट पाणी घातलं.

पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. कचेरीत सगळ्यांचा एकत्र फोटो निघायचा होता, बाहेर थंडी होती आणि स्वतःचा कोट दोरीवर ओला लोंबत होता. वर कपाटात त्याचा जुळा भाऊ आयता बसलेला. तासाभराचा तर प्रश्न, असं म्हणून तिने तो चढवला. फोटो छान आला. मग शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी कोपर मागे घेतलं आणि कपभर चहा छातीपासून खिशापर्यंत ओघळला. घरी येऊन तिने हाती लागेल तो साबण चोळला. डाग गेला नाही, उलट ऐसपैस पसरला.

कोटाचं तिला तेवढं दुःख नव्हतं. किल्ली परत द्यावी लागेल आणि पुन्हा जिन्यात समोरासमोर आलो की भिंतीकडे बघत उतरावं लागेल, ही तिची खरी धास्ती होती. त्यात रविवारी सासूबाईंचा वाढदिवस. दोघींनी कोट घालूनच जेवायला यायचं, असं फर्मान पलीकडच्या गल्लीतून आधीच सुटलं होतं. सासूबाई दोघींपासून सुरक्षित अंतरावर एकट्या राहत, पण आवाज पोचायला अंतर कधी आड येत नसे.

दोन्ही कोट पिशवीत कोंबून धाकटी रंगाऱ्याकडे गेली. नखं कायमची निळी झालेला तो माणूस, कपड्यांची लफडी ऐकायची त्याला सवय होती. तिचा बेत सरळ होता, म्हणजे तिच्या मते सरळ. आपला चांगला कोट थोरलीच्या कपाटात जाईल. डागाळलेला गडद रंगवून आपण घालू आणि म्हणू, पांढऱ्याचा कंटाळा आला होता.

रंगाऱ्याने दोन्ही कोट दारातल्या उजेडात शेजारी धरले आणि मान हलवली. एक सायीचा, दुसरा चुन्याचा. आंधळ्यालाही फरक कळला असता. धाकटी म्हणाली, दोन्ही पांढरेच आहेत की. त्यावर त्याने फळीवरून चिंध्यांचा जुडगा काढून तिच्यासमोर पसरला. मोतिया, बदामी, हस्तिदंती, चुनेरी. सगळे पांढरे म्हणवणारे आणि एकही दुसऱ्यासारखा नाही. तिच्या कोटाला साय परत आणायची तर कशात बुडवायचा, ते त्याने हसू दाबत सांगितलं. चहात. अगदी पातळ चहात.

"ज्याने एक कोट खाल्ला, त्यालाच दुसरा वाचवू दे," तो म्हणाला.

डागाळलेल्याला तिने निळा मागितला. त्याने साफ नाही म्हटलं. रंग काही भिंतीवरच्या ऑइलपेंटसारखा खालचं झाकत नाही, खालचं वर येतंच. सायीतल्या पिवळ्यावर निळा चढला की हिरवट होणार आणि डाग नकाशासारखा उठणार. डाळिंबी करा, त्यात तपकिरी मुरून जाईल. एक धोका मात्र त्याने आधीच सांगून ठेवला. सुती दोरा सुती कापडासारखाच रंग पितो. पॉलिएस्टरचा दोरा मात्र हट्टी, कढईत घाला नाहीतर विहिरीत, आहे तसाच राहतो.

खिसे उलटे बाहेर काढून त्याने पांढराफटक कोट पातळ चहात बुडवला, डागाळलेला डाळिंबी रंगाच्या कढईत सोडला आणि काठीने ढवळत राहिला. कढईतून निघालेला कोट जवळजवळ काळा पाहून धाकटीने कपाळाला हात लावला. ओलं कापड खोटं बोलतं, वाळल्यावर विचारा, असं सांगून त्याने तिला घरी पिटाळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गेली, तर कोट पिकलेल्या डाळिंबासारखा झाला होता. डाग शोधून सापडत नव्हता. शिवणीही रंगल्या होत्या. धाकटी हरखली. मग रंगाऱ्याने उलटा खिसा तिच्यापुढे धरला. तळाशी, गर्द डाळिंबीवर, सायीच्या रंगाची दोन नाजूक पानं जशीच्या तशी उमटली होती.

दोन पानं म्हणजे धाकटीची.

तिने दुसरा कोट ओढून घेतला आणि खिसा उलटा केला. चहाच्या फिक्या रंगावर एकच पान, दोऱ्याचं, मूळच्याच सायीचं, किंचित उजळ. आणि काखेखाली, आजवर कधी न दिसलेला, पण चहा न चढल्याने आता उठून दिसणारा बोटभर रफू. इस्त्रीच्या टोकाच्या आकाराचा.

आता सगळं लख्ख झालं. दोन्ही कोट नवे आणि एका रंगाचे असतानाच कधीतरी थोरलीने स्वतःचा इस्त्रीने जाळला, गुपचूप रफू केला आणि गच्चीतल्या दोरीवर तो ठेवून धाकटीचा धड कोट उचलून नेला. म्हणजे धाकटीने चोरला तो स्वतःचाच कोट, आणि चहा सांडला तोही स्वतःच्याच कोटावर. कढईसाठी महिनोन्‌महिने तोंड फुगवणारी बाई ती हीच. धाकटीला आधी संताप आला. मग आपण हातात काय घेऊन उभ्या आहोत ते आठवलं आणि तिला असं हसू फुटलं की रंगाऱ्याने पाण्याचा तांब्या पुढे केला.

एका पानाचा कोट तिने मलमलीत गुंडाळून थोरलीच्या कपाटात ठेवला. बेत जसाच्या तसा पार पडला, फक्त लबाडीचा न्याय झाला.

रविवारी माहेराहून परतलेली थोरली कोट घालून जिना उतरली तेव्हा तिचा उजवा हात अंगाला चिकटवल्यासारखा होता. डाळिंबी कोटाकडे पाहून ती म्हणाली की रंग शोभतो. धाकटीने विचारलं, हात दुखतो का. थोरली म्हणाली, थोडा. सबंध गल्लीभर दोघी त्यापुढे एक अक्षर बोलल्या नाहीत आणि धाकटीला वाटलं, झालं, हा अबोला आता जन्माचा.

सासूबाईंनी दार उघडलं, आशीर्वाद दिला आणि सरळ दोघींच्या खिशांत हात घालून ते बाहेर उलटे केले. एक पान. दोन पानं.

"जिचं तिच्याकडे आहे," त्या म्हणाल्या. "मुद्दाम न रंगणारा दोरा घेतला होता. दोघींपैकी एक कधीतरी रंगाऱ्याकडे जाणार, हे मला कापतानाच ठाऊक होतं."

त्या वाढायला आत गेल्या. थोरलीचा चेहरा धाकटीच्या कोटाहून लाल झाला होता. तिने खिसा आत ढकलला, हात सैल सोडला, रफू दिसला तर दिसू दिला. धाकटीने किल्ली काढून तिच्यापुढे धरली. थोरलीने ती घेतली आणि दोन पानांच्या खिशात परत टाकली.

"ठेव तुझ्याकडेच. पण यापुढे काही नेशील तर सांगून ने."

"आणि तुम्ही, ताई?"

थोरलीने काखेखालच्या रफूकडे पाहिलं.

"मी सांगून जाळीन."