पाणीसाहेबांची कवळी

बस गावात शिरली आणि जावयाने सासऱ्यांच्या आधी सासऱ्यांच्या विरोधकाला पाहिलं. चौकात दुमजली घराएवढा फलक होता आणि त्यावर औषधाच्या दुकानाचा मालक बत्तीशी दाखवत मतं मागत होता.

"वरचे पुढचे दोन बसवलेले आहेत," जावई म्हणाला. "रंगही चुकलाय. एवढे पांढरे दात माणसाला नसतात."

"तू गप्प बसशील का जरा?" बायको म्हणाली. "आणि मांडीवरचा तो डबा खाली ठेव. सासुरवाडीला जाताना लोक मिठाई नेतात, हा प्लास्टर नेतो!"

बिचाऱ्याचा इलाज नव्हता. कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात तो दहा वर्षं काम करत होता. एकदा मित्राच्या लग्नात वरबापाची कवळी ऐन जेवणात मोडली आणि हा हात चोळत बसला. तेव्हापासून दुरुस्तीच्या ह्या डब्याशिवाय त्याने गाव सोडलं नाही.

सासऱ्यांचं चित्र दिसलं ते विजेच्या खांबावर. छोटासा कागद, खाली टेबलफॅनची निशाणी, वर ओठ घट्ट मिटलेला चेहरा आणि कपाळावर आठ्या. मतं मागण्याऐवजी नळाला मोटार का लावली म्हणून जाब विचारत असावेत, असा फोटो. चौतीस वर्षं त्यांनी गावचं पाणी सोडलं आणि बंद केलं. पहाटे चारला उठून व्हॉल्व्ह फिरवले, पण ओळखीच्याला पाच मिनिटं जास्त सोडलं असं कधी झालं नाही. लोक त्यांना पाणीसाहेब म्हणत, मान देत आणि मत मात्र दुसऱ्याला देत. दोनदा पडले होते. उद्या तिसरी वेळ.

जावयाला धास्ती होती ती निवडणुकीची नव्हती. दोन वर्षांपूर्वी पाणीसाहेब लेकीला घेऊन मुलगा बघायला म्हणून शहरातल्या एका हॉटेलात आले होते. "काय करता?" असं त्यांनी विचारलं. "कवळ्या बनवतो," असं याने सांगितलं. झालं! त्यानंतर साहेबांनी टोस्टचा एक घास घेतला, रुमाल तोंडाला लावला, उठले आणि चालते झाले. लेकही बापाचीच, नाकावर माशी बसू द्यायची नाही. तिने सरळ नोंदणी ऑफिसात जाऊन लग्न केलं. आई आली, बाप आला नाही. तेव्हापासून येणं नाही की जाणं नाही.

"मत बाबांनाच देणार," बसमध्ये ती तिसऱ्यांदा म्हणाली. तिचं नाव अजून इथल्याच यादीत होतं. "पण मी आपणहून बोलणार नाही. सकाळी मत द्यायचं, दुपारची बस धरायची. आणि ह्या वेळीही ते तुझ्याशी बोलले नाहीत ना, तर ही शेवटची खेप. मी परत ह्या घरात पाऊल टाकणार नाही."

हे बोलताना ती खिडकीबाहेर बघत होती. पिशवीच्या तळाशी तिने बाबांसाठी मऊ तळव्याच्या चपला ठेवल्या होत्या. जावयाने त्या पाहिल्या होत्या.

घराच्या ओट्यावर पाणीखात्यातले तीन निवृत्त म्हातारे पत्रकांचे गठ्ठे घेऊन बसले होते. चार वाजता घरोघर शेवटची फेरी निघायची होती आणि सहाला प्रचार संपत होता. सासूबाईंनी लेकीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण त्यांचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. साहेब सकाळपासून आतल्या खोलीत कडी लावून बसले आहेत, एवढंच त्या सर्वांना सांगत होत्या.

"म्हणजे आम्ही आलो म्हणून," लेक म्हणाली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसली.

सासूबाईंनी जावयाला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं. तिथे स्टीलच्या वाडग्यात पाण्याखाली वरची कवळी पडली होती. दोन तुकडे.

"धुताना माझ्या हातून निसटली," त्या कुजबुजल्या. "तुम्ही येणार कळल्यापासून नुसती धांदल चाललीय माझी. ते म्हणतात, फेरी रद्द करा, आजारी आहे म्हणून सांगा. बारा वर्षं झाली, माझ्याखेरीज कुणी त्यांना कवळीशिवाय पाहिलेलं नाही. त्यांना कवळी आहे हे हिला तर ठाऊकसुद्धा नाही."

जावयाने तुकडे उजेडात धरले. माणसाचा चेहरा वाचणं त्याला कधी जमलं नव्हतं, कवळी मात्र तो वर्तमानपत्रासारखी वाचत असे. ही जुनी होती, हिरडीवर सैल झालेली. अशी कवळी घालून माणूस हसला की ती खाली येते. ओठ घट्ट मिटून धरून ठेवावी लागते. आणि मोडल्या जागी एक पिवळट रेघ होती. म्हणजे आधीही ती इथेच मोडली होती आणि कुणीतरी घरच्या घरी डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवली होती. रेघेचा रंग बघून ती किती जुनी असेल याचा त्याने मनात अंदाज केला आणि तो जागच्या जागी थांबला.

मग डबा आणि वाडगा घेऊन त्याने खोलीचं दार वाजवलं.

"मी आहे," तो म्हणाला. पुढे काय हाक मारावी हे त्याला कळेना. "बाबा, मी रोज पंचवीस कवळ्या हाताळतो. मला त्याचं काही वाटत नाही. चारच्या आत जोडून देतो, पण बसते का ते बघायला तुम्ही लागाल."

मग कडी निघाली. पाणीसाहेब तोंडावर टॉवेल धरून उभे होते. एवढा ताठ माणूस, पण डोळे जमिनीकडे. जावयाला त्यांची इतकी माया आली की त्याने मुद्दामच पाठ फिरवली आणि टेबलावरची पत्रकं बाजूला सारून सामान मांडलं.

त्याने तुकडे मेणाने जुळवले, आतून प्लास्टर ओतलं, ते वाळू दिलं. मग कानशीने तो जुना पिवळा थर घासायला घेतला. पाणीसाहेब आधी खिडकीशी होते, मग खुर्चीशी आले, मग थेट त्याच्या खांद्याशी. आयुष्यभर पाइप जोडलेला माणूस, दुसरा कुणी सांधा जोडत असताना लांब राहणार कसा?

"सांधा साफ केल्याशिवाय टिकत नाही," टॉवेलाआडून बोबडा आवाज आला.

"नाहीच टिकत. आधी कुणीतरी साफ न करताच चिकटवलाय." जावयाने कानस थांबवली नाही. "दोन वर्षं झाली असतील."

टॉवेल आणखी वर सरकला.

"हॉटेलात?" जावयाने हळूच विचारलं.

"टोस्ट फार कडक होता," पाणीसाहेब म्हणाले. मग एकदा बांध फुटल्यावर त्यांना थांबता येईना. "तुम्ही कवळ्यांचे कारागीर. तोंड उघडलं असतं तर एका नजरेत ओळखलं असतंत. तेही पोरीसमोर! म्हणून उठलो. ती रागावली. लग्नाला यायचं तर तिथे फोटो, जेवण, हसणं. नाही धीर झाला. आणि इतके दिवस गेल्यावर आता कुठल्या तोंडाने सांगणार?"

जावयाने कानस खाली ठेवली. त्याला राग आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदमच. दोन वर्षं तो रात्री कूस बदलत आपल्यात काय कमी आहे ते शोधत होता.

"मला वाटत होतं, मी तुम्हाला आवडलो नाही."

"आवडायला वेळ कुठे मिळाला?" पाणीसाहेब म्हणाले.

पावणेचारला कवळी तयार झाली. सांधा नव्याने भरून आतून त्याने मऊ थर दिला होता, सैलपणा जावा म्हणून. पाणीसाहेबांनी टॉवेल बाजूला केला, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. जावयाने कवळी बसवली, अंगठ्याने दाबली, पुन्हा काढून एक कड घासली, पुन्हा बसवली.

"आता आकडे म्हणा. सहासष्टपासून. 'स' नीट निघतो का बघू."

"सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट..." पाणीसाहेब मोठ्याने म्हणू लागले.

"आई!" बाहेरून लेकीचा आवाज आला. "आत काय आत्ताच मतमोजणी सुरू झाली का?"

पाणीसाहेबांना हसू फुटलं. हसता हसता त्यांनी घाईघाईने हात तोंडाशी नेला, मग सावकाश खाली घेतला.

"पडली नाही," ते म्हणाले.

"पडणार नाही. फक्त पुढच्या दातांनी काही तोडू नका."

ते ओट्यावर आले. लेक हाताची घडी घालून उभी होती. पाणीसाहेबांना काहीतरी बोलायचं होतं हे उघड होतं, पण चौतीस वर्षं फक्त सूचना देणाऱ्या माणसाला माफी कुठून सुरू करावी ते कळेना. म्हणून ते तिच्याकडे बघून नुसतेच हसले, चांगले तोंडभर.

लेक घाबरली. "बाबा, बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" न बोलण्याचा पण तिथेच मोडला. मग काही न सुचून तिने पिशवीतून चपला काढल्या आणि त्यांच्या पायाशी ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, दोन पावलं टाकून बघितली आणि फेरी निघाली.

पहिलं घर शाळेतल्या शिपाईणबाईंचं होतं. त्यांनी दार उघडलं, साहेबांना नमस्कार केला आणि त्यांच्यामागे उभ्या असलेल्या नव्या माणसाकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"जावई," पाणीसाहेब म्हणाले. "कवळ्या बनवतात. ही माझी त्यांनीच दुरुस्त केली, आत्ता, पंधरा-वीस मिनिटांपूर्वी." आणि बारा वर्षं ज्याने ओठांचं कुलूप लावून ठेवलं होतं, त्या माणसाने भर रस्त्यात आ करून बोट दाखवलं. "दोन वर्षांपूर्वी हॉटेलात मोडली होती. लाज वाटली म्हणून मी उठून आलो. पोरीच्या लग्नालाही गेलो नाही. त्यांचा काही दोष नव्हता. पोरीचाही नव्हता."

हे सगळं ते शिपाईणबाईंना सांगत होते. लेक दोन पावलं मागे पत्रकं छातीशी धरून उभी होती. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, त्याने मान डोलावली. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"टोस्टपायी, बाबा?" ती म्हणाली. "दोन वर्षं? एका टोस्टपायी?"

"कडक होता गं," पाणीसाहेब म्हणाले.

दुसऱ्या घरी त्यांनी हेच सांगितलं, तिसऱ्या घरीही. चौथ्या घरच्या आजोबांनी स्वतःची कवळी काढून जावयाच्या हातावर ठेवली आणि ही का टोचते ते बघायला सांगितलं. पाचव्या घरातून निघताना पत्रकं वाटणाऱ्या एका म्हाताऱ्याला राहवेना.

"साहेब, अहो मत मागायचं राहतंय! एकाही घरी मागितलं नाहीत."

"द्यायचं असेल ते देतील," पाणीसाहेब म्हणाले आणि लेकीकडे वळले. चालताना ते नव्या चपलांकडे बघत होते. "उद्याची तुमची बस कितीची आहे?"

"कुठली बस?" लेक म्हणाली आणि तिने पुढच्या घराची बेल वाजवली.